दिसत नाही, म्हणून नाही?

‘आहे’ म्हणायला पुरावा लागतो, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. उधारी मागायला आलेला वाणीसुद्धा आधी वही उघडून दाखवतो. परंतु ‘नाही’ म्हणायलाही पुरावा लागतो, आणि तो पुष्कळदा ‘आहे’च्या पुराव्याहून अधिक कष्टाने मिळवावा लागतो, ही गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. कपाट उघडायचे, वरवर नजर फिरवायची आणि ‘घरात सुई नाही’ असा निकाल देऊन मोकळे व्हायचे, ही आपणा पुरुषांची तर जुनीच रीत आहे. मग घरातली बाई येते आणि त्याच कपाटातून, त्याच खणातून, आपल्या नाकासमोरची सुई काढून हातावर ठेवते. आपण ओशाळून हसतो आणि विसरून जातो. सुईच्या बाबतीत हे परवडते. माणसाच्या बाबतीत ते किती महाग पडते, हे मला दोन वर्षांपूर्वी कळले. ती हकिगत माझ्या फजितीची आहे, आणि फजितीहून थोडी अधिक आहे. दिवाळीच्या अंकात स्वतःच्या चुकीचे रडगाणे कशाला, असे वाचक म्हणतील. पण तीत थोडे हसण्याजोगेही आहे. ते आधी सांगतो.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावी मास्तरकी करतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे जे काही असेल ते वाचनातून आणि मुलांकडून मिळालेले. शाळा सुटल्यावर कादंबऱ्या लिहितो. आमच्या शाळेत संगणक चार, आणि त्यांतला चालू स्थितीतला एक. त्यावर लिनक्स नावाची प्रणाली आहे. हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहायला घेतला आणि तो जगासाठी खुला ठेवला; पुढे हजारो लोकांनी त्यात भर घातली. आमच्या शाळेने ती घेतली ती मात्र एवढ्या उदात्त विचाराने नव्हे. ती फुकट मिळते म्हणून! घरी माझ्याकडे संगणक नाही. त्यामुळे संध्याकाळी, शाळेतली चिमण्यांची आणि मुलांची किलबिल थांबली की, मी त्या यंत्रापुढे बसून लिहितो आणि लिहिलेले एका पेनड्राइव्हमध्ये घालून खिशातून घरी नेतो. तीन वर्षे लिहीत असलेली कादंबरी त्या बोटभर वस्तूत होती. तिची दुसरी प्रत कुठे होती? कुठेच नव्हती. शहाण्या वाचकांनी येथे कपाळावर हात मारून घ्यावा. मी पुष्कळदा मारून घेतला आहे.

त्याच पेनड्राइव्हमध्ये मुलांच्या वार्षिक अंकाचा मजकूरही होता. दसऱ्यानंतर तीन-चार दिवसांनी तो छापून आणण्यासाठी मी सातवीतल्या एका मुलाला स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवले. मुलगा कमी बोलणारा. आईबाप ऊसतोडीला जाणारे. असली मुले दिवाळीच्या आगेमागे फडावर जातात आणि चैत्रात परत येतात; मधल्या काळात हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची लांबच लांब रांग लागते. त्या वर्षी मात्र हा मुलगा गावातच राहणार होता. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते; तिथे मीच खटपट करून त्याचे नाव घातले होते.

गेला तो दोन तासांनी परत आला. परतीचा पाऊस कोसळत होता. अंगातला सदरा चिंब झालेला, केसांतून पाणी गळत होते. हातातली पाने मात्र कोरडी होती. ती कोरडी कशी, हे मला त्या वेळी विचारावेसे वाटले नाही.

मी पेनड्राइव्ह घेतला आणि संगणकाच्या पुढच्या खाचेत घातला. त्याचा तांबडा दिवा लागला. एरवी दिवा लागला की क्षणभराने पडद्यावर खिडकी उघडते आणि आतल्या फायली दिसतात. त्या दिवशी काही उघडले नाही. काढला, पुन्हा घातला. सदऱ्याला पुसून पुन्हा घातला. दिवा लागे, पण पडदा ढिम्म.

“पाण्यात पाडलास का रे?” मी विचारले.

“न्हाई, सर.”

“मग असं कसं झालं?”

“दुकानात चालला व्हता की, सर.”

“तिथं चालला, आणि इथं येईपर्यंत मेला होय?”

वर्गातली चाळीस मुले हसली. मुले हसली की मास्तराला आपण बरोबर आहोत असे वाटू लागते. हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे. मी म्हणालो, “खोटं बोलतोस तू.” तो खाली पाहू लागला आणि मी त्या मौनाला कबुली ठरवून टाकले. सदरा ओला, त्या अर्थी पेनड्राइव्ह ओला. मुलगा गप्प, त्या अर्थी मुलगा दोषी. किती सुबक तर्क! त्याने छापून आणलेली पाने त्या क्षणी माझ्या हातात होती. पेनड्राइव्ह अर्ध्या तासापूर्वी ठणठणीत होता, याचा त्याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? पण पुरावा हातात असून चालत नाही. तो पाहण्याची इच्छा असावी लागते.

भिजलेली वस्तू तांदळात पुरून ठेवावी, असे लोक म्हणतात. मी तसे केले. आठ दिवस पेनड्राइव्ह आमच्या स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात समाधी लावून होता, आणि सौभाग्यवती तांदूळ काढताना दर वेळी त्याची चौकशी करीत होत्या. समाधी उतरवून पुन्हा त्याच खाचेत घातला. दिवा लागला, खिडकी उघडली नाही. मी कादंबरीचे सुतक धरले.

माझी भाची पुण्यात संगणकाच्याच कामावर आहे. ती दर वर्षी वसुबारसेला आमच्याकडे येते. तिने माझा चेहरा पाहिला, हकिगत ऐकून घेतली, आणि एकच प्रश्न विचारला.

“मामा, ‘दिसत नाही’ म्हणजे कुणाला दिसत नाही?”

“कुणाला म्हणजे? संगणकाला.”

“तुम्हांला दिसत नाही, एवढंच मला कळलं. संगणकाला दिसतं की नाही, ते अजून त्याला कुणी विचारलेलंच नाही.”

शिपायाकडून किल्ली आणून आम्ही शाळा उघडली. यंत्र सुरू होईपर्यंत तिने मला जे समजावून दिले ते असे. पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने जोडला जातो तिला यूएसबी म्हणतात. तिचा पहिला आराखडा १९९६ सालचा. ज्या मंडळींनी ती घडवली त्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे अभियंते अग्रभागी होते. सयाजीरावांच्या नावाशी या वस्तूचे असे दूरचे का होईना नाते आहे, हे ऐकून मला बरे वाटले. या जोडणीत मूळच्या तारा चार. दोन वीज देण्यासाठी, दोन बोलण्यासाठी. पेनड्राइव्ह खाचेत बसला की बोलण्याच्या एका तारेवरचा विजेचा दाब वर खेचून धरतो. वर्गात मूल हात वर करते ना, तसेच हे. संगणक तो हात पाहतो, त्या नव्या पाहुण्याला एक ते एकशेसत्तावीस यांमधला एक क्रमांक देतो आणि मग विचारतो, तू कोण, कुणी तुला घडवले, तुला काय येते? क्रमांक मिळेपर्यंत त्याची ओळख शून्य! आपल्याकडच्या बारशासारखाच हा विधी. फक्त पापणी लवायच्या आत उरकणारा.

पण बारसे झाले म्हणजे सगळे झाले असे नाही. पहिली पायरी, हात वर केलेला दिसणे. दुसरी, नाव यादीत लागणे. तिसरी, ही वस्तू म्हणजे माहिती साठवण्याचे कपाट आहे हे ओळखणे. चौथी, त्या कपाटाचा खण उघडून तो आपल्या घराला जोडून घेणे. हे चारही झाल्यावर पडद्यावर ती खिडकी उघडते. मी जिला ‘दिसणे’ म्हणत होतो ती ही पाचवी गोष्ट. आणि पाचवी घडली नाही म्हणून मी पहिल्याच पायरीवर वस्तूला मृत ठरवले होते.

प्रत्येक पायरीचे दुखणे वेगळे असते. पहिलीवर खाच सैल असते, तार तुटलेली असते, किंवा एकाच जोडपट्टीवर दहा वस्तू लटकावल्यामुळे वीज अपुरी पडते. दुसरीवर संगणक विचारीत राहतो आणि उत्तर येत नाही. तिसरीवर सगळे ठीक असते, पण कपाटे हाताळणारा प्रणालीचा भाग जागाच झालेला नसतो. कधी नुकताच प्रणालीत बदल केलेला असतो आणि यंत्र एकदा बंद करून सुरू करायचे तेवढे राहिलेले असते. चौथीवर खणाच्या आतली मांडणीच परकी असते. एक्सफॅट नावाची एक मांडणी आहे. लिनक्सच्या गाभ्याला ती स्वतःहून नीट वाचता येऊ लागली ती २०२० च्या सुमारास. त्यापूर्वी वेगळी जोड बसवावी लागे, आणि जिथे ती नसे तिथे धडधाकट पेनड्राइव्हही ‘दिसत नाही’च्या खात्यात जमा होई.

एवढे सांगून तिने काळ्या चौकटीत डी-एम-ई-एस-जी ही पाच अक्षरे टंकली. ही लिनक्सच्या गाभ्याची रोजनिशी. यंत्राला जे जे जाणवले ते ते तो क्षण आणि पळ घालून तिथे लिहिलेले असते. “आता घाला,” ती म्हणाली. मी पेनड्राइव्ह पुढच्या खाचेत घातला. दिवा लागला. रोजनिशीत एकही नवी ओळ आली नाही. मग तिने एल-एस-यू-एस-बी अशी आज्ञा देऊन यादी मागवली. तीत कळफलक होता, माउस होता. आमचा पाहुणा नव्हता.

“बघ, गेलाच ना?” मी म्हणालो. माणसाला आपले दुर्दैवसुद्धा आपल्या म्हणण्याप्रमाणे झालेले आवडते.

“गेला असता तरी चालेल मामा, पण आधी ठरवू तर. दिवा लागतोय, म्हणजे वीज पोचतेय. हात वर केलेला दिसत नाही. तो हात वर करत नाही, की मध्ये काही आड येतंय?” असे म्हणून तिने यंत्राच्या मागच्या बाजूचा माउस काढला आणि पुढच्या खाचेत घातला. माउस चालेना. पेनड्राइव्ह मागच्या खाचेत घातला. रोजनिशीत भराभर ओळी उमटल्या: नवे उपकरण आले, क्रमांक दिला, घडवणाऱ्याचे नाव अमुक, साठवणीचे कपाट, त्यात एक खण. आणि पडद्यावर खिडकी उघडली. कादंबरी होती. मुलांचा अंक होता. एक काना-मात्रा हललेली नव्हती.

मी आनंदाने जवळजवळ ओरडलोच. भाची मात्र वाकून पुढच्या खाचेत मोबाइलचा उजेड पाडीत होती. मग तिने यंत्र बंद करायला लावले, माझ्याकडून दात कोरायची लाकडी काडी मागून घेतली, आणि हलक्या हाताने आतून एक वस्तू बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवली.

तो तांदळाचा दाणा होता. कुंकवाने तांबडा झालेला. अक्षता!

खंडेनवमीला आपण हत्यारे पुजतो. लोहार ऐरण पुजतो, शेतकरी नांगर पुजतो. मास्तरांनी काय पुजावे? म्हणून आमच्या शाळेत संगणकाची पूजा होते. त्या वर्षी झेंडूची माळ घालून, हळदकुंकू वाहून मोठ्या भक्तिभावाने त्यावर अक्षता टाकल्या होत्या त्या मीच. त्यांतला एक दाणा त्या खाचेत जाऊन बसला. यूएसबीच्या तोंडात विजेच्या दोन पट्ट्या बोलण्याच्या पट्ट्यांहून किंचित लांब ठेवलेल्या असतात. आधी वीज मिळावी आणि मग संभाषण सुरू व्हावे, अशी ती योजना आहे. दाण्यामुळे पेनड्राइव्ह पुरता आत जात नव्हता. लांब पट्ट्या टेकत होत्या म्हणून दिवा लागत होता; आखूड पट्ट्या टेकत नव्हत्या म्हणून शब्द फुटत नव्हता. मी दिवा पाहून म्हणत होतो, ‘यंत्राने आपले काम केले, दोष याचाच.’ प्रत्यक्षात तो बिचारा खाचेत अर्धा उभा राहून बोलू पाहत होता, आणि मीच टाकलेला दाणा त्याच्या तोंडात होता. आणि त्यावर उपाय म्हणून मी त्याला कशात पुरले? तांदळात!

इथवर हसण्याजोगे आहे. भाची हसली, मीही हसलो. मग ती म्हणाली, “आणि त्या मुलाला काय म्हणालात तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या वस्तीवर गेलो. दाराशी त्याची आजी शेंगा निवडीत बसली होती. मुकादमाचा ट्रॅक्टर तीन दिवसांपूर्वीच गेला होता. “पोरगं ऱ्हानार व्हतं माझ्यापाशी,” म्हातारी म्हणाली, “पर म्हनलं, साळंत जायाचं न्हाई आता. सर मला खोटारडा म्हनले. गेलं आईबापासंगं.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असली तर मला बरे वाटले असते.

त्या सुट्टीत मी जुनी पुस्तके काढून बसलो. अपराधी माणूस पुस्तकांत तोंड लपवतो, तसाच प्रकार. तेव्हा ध्यानात आले की, ज्या प्रश्नात मी आपटलो तो आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने सोडवून ठेवलेला आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकांमध्ये, असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणे सांगितली आहेत. वस्तू फार दूर असेल. फार जवळ असेल, डोळ्यांतल्या काजळासारखी. इंद्रियच अधू असेल. मन ठिकाणावर नसेल. वस्तू अतिसूक्ष्म असेल. मध्ये भिंतीसारखा आडपडदा असेल. दिवसाच्या ताऱ्यांप्रमाणे मोठ्या तेजाने ती झाकली गेली असेल. किंवा मुगाच्या राशीत टाकलेल्या मुगासारखी आपल्यासारख्यांत मिसळून गेली असेल. वाचता वाचता मी थबकलो. या आठांतले एकही कारण त्या वस्तूचा दोष सांगत नाही. दोष पाहणाऱ्यात आहे, मधल्या जागेत आहे, अंतरात आहे, उजेडात आहे. वस्तू जशी असायची तशी आहे.

याच्याच पुढचे पाऊल कुमारिल भट्टांच्या मीमांसकांनी आणि अद्वैती वेदान्त्यांनी टाकले. एखादी गोष्ट ‘नाही’ हे ज्ञान आपल्याला होते कसे? जमिनीवर घडा नाही, हे डोळ्यांना दिसते कसे? डोळ्यांना तर नुसती जमीन दिसते. म्हणून त्यांनी ‘अनुपलब्धि’, म्हणजे न आढळणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले. नैयायिकांना ते मान्य नव्हते; त्यांच्या मते अभावही प्रत्यक्षानेच कळतो. तो वाद पंडितांचा. त्यात मी पडत नाही. पण एक अट मला फार मोलाची वाटली. नुसते न आढळणे पुरेसे नाही. ते ‘योग्य’ असले पाहिजे. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. लख्ख उजेडात घडा दिसला नाही, तर घडा नाही म्हणा. अंधारात दिसला नाही, तर फक्त अंधार आहे म्हणा.

केवढा साधा नियम! तरी आपण दिवसभर अंधारात उभे राहून घडे नाकारीत असतो. प्रश्नाला उत्तर आले नाही, की त्या मुलाला येत नाही. सून बोलत नाही, त्या अर्थी तिच्या मनात माया नाही. म्हाताऱ्या बापाचे पत्र नाही, फोन नाही, त्या अर्थी त्यांना आमची आठवण नाही. ‘असती तर दिसलीच असती’ एवढी खात्री करून घेण्याइतका उजेड आपण कधी पाडलेला असतो?

आणि याहून एक वाईट पायरी आहे. एकदा माझ्या एका स्नेह्याचा पेनड्राइव्ह लिनक्सच्या मांडणीत तयार केलेला होता. तो त्याने दुसऱ्या प्रणालीच्या एका संगणकात घातला. त्या यंत्राला ती मांडणी वाचता येईना. मग त्याने काय विचारावे? ‘हा वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायला हवा, करू का?’ मला तुझे अक्षर लागत नाही, तर तुझी पाटी पुसून टाकू का, असा त्याचा अर्थ! आपण यंत्राला हसू. पण मोडी वाचता येईना म्हणून आजोबा-पणजोबांची दप्तरे रद्दीवाल्याच्या तराजूत घालणारे आपणच ना? मला समजत नाही, म्हणून त्यात काही नाही. आणि काही नाही, म्हणून पुसायला हरकत नाही. या उतरणीवर माणूस एकदा लागला की मध्ये थांबत नाही.

याच्या उलट त्या रोजनिशीतली एक रीत मला फार आवडली. पेनड्राइव्ह खरोखरच बिघडलेला असला, संगणकाने पुन्हा पुन्हा विचारूनही उत्तर मिळाले नाही, तर तो तिथे काय लिहितो, असे मी भाचीला विचारले. तिने सांगितले, एवढेच लिहितो की, या उपकरणाची नोंद करायला मी असमर्थ ठरलो. ‘उपकरण खोटारडे आहे’ असे लिहीत नाही. असमर्थतेचा धनी कोण, हे त्या वाक्यात स्पष्ट आहे. मी वीस वर्षे प्रगतिपुस्तकांवर ‘लक्ष देत नाही’, ‘समज कमी’ असे शेरे लिहीत आलो. ‘मला शिकवता आले नाही’ असा एकही शेरा मी आजवर लिहिलेला नाही.

यावर कुणी म्हणेल, मास्तर, असे म्हणत बसलो तर जग चालायचे कसे? शेवटी पेनड्राइव्ह मरतातही. मुले खोटे बोलतातही. न्यायाधीशाला निकाल द्यावा लागतो, मास्तरांना गुण द्यावे लागतात. जन्मभर ‘कदाचित’ म्हणत कुणी बसत नाही. हा आक्षेप खरा आहे. आत माहिती साठवणारे कण लिहून-पुसून झिजतात आणि एक दिवस वस्तू खरोखरीच संपते. ‘नाही’ कधीच म्हणू नये, असे माझे म्हणणे नाही. कुठे पाहिले, कसे पाहिले, कितपत उजेडात पाहिले, हे सांगून मग ‘नाही’ म्हणावे. आणि तपासण्यांनाही एक क्रम असावा. ज्या तपासणीने कुणाचे काहीच बिघडत नाही, ती आधी करावी. खाच बदलून पाहायला काय पडले असते? दुसरी वस्तू त्याच खाचेत घालून पाहायला काय लागले असते? मोजून पाव मिनिट. मी ती सगळी फुकटची दारे सोडून एकदम ज्या दाराला सर्वांत जास्त किंमत पडते त्या दारावर लाथ मारली. कारण ते दार चौदा वर्षांचेही नव्हते, आणि उलटून बोलणार नव्हते. आपल्या शंकेची पहिली पायरी नेहमी दुबळ्याच्याच अंगणात का पडते, हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारतो.

पेनड्राइव्हमधले एक अक्षरही गेले नव्हते. गेले ते दुसरीकडचे होते. एका मुलाचे शाळेचे सहा महिने गेले.

चैत्रात तो परत आला. उंच झाला होता. हातांवर उसाच्या पात्यांनी ओढलेल्या रेघा होत्या. चाळीस मुलांसमोर त्याला खोटा म्हटले होते, म्हणून चाळीस मुलांसमोरच सांगायचे मी ठरवले होते. तो कुंकवाचा दाणा मी काड्यापेटीत जपून ठेवला होता. तो वर्गात बाकाबाकावरून फिरवला आणि सगळी हकिगत, समाधीसकट, सांगितली. मुले हसली. या वेळी ती कुणाला हसत होती याविषयी शंका नव्हती. शेवटी मी म्हणालो, “तू खरं बोलत होतास. मी न बघताच बोललो. माझं चुकलं.”

तो उभा राहिला. खालीच पाहत होता. तेव्हा मला समजले की तो नेहमीच खाली पाहतो. जरा वेळाने त्याने विचारले, “सर, पानं भिजली न्हवती ना?”

मग कळले ते असे. दुकानातली वीज गेली होती म्हणून तो दोन तास तिथेच थांबला होता. निघताना पाऊस वाढला, तेव्हा डोक्यावर घेतलेली प्लास्टिकची पिशवी काढून त्याने तीत पाने आणि पेनड्राइव्ह गुंडाळले, आणि स्वतः भिजत आला. ज्या ओल्या सदऱ्यावरून मी त्याला दोषी ठरवले, तो सदरा म्हणजे त्याने माझी वस्तू कोरडी ठेवल्याचा दाखला होता.

त्याच्या गणितात त्या सहा महिन्यांचे भगदाड अजून आहे. संध्याकाळी कादंबरी बाजूला ठेवून आम्ही ते थोडे थोडे भरतो. गेल्या वर्षी तो आईबापांबरोबर गेला नाही, आजीपाशी राहिला. कादंबरीच्या आता तीन प्रती आहेत आणि त्या तीन घरांत आहेत.

गेल्या खंडेनवमीला आम्ही संगणकाची पूजा नेहमीप्रमाणे केली. माळ घातली, हळदकुंकू वाहिले. मी अक्षतांसाठी हात उचलला तेवढ्यात तो म्हणाला, “थांबा, सर.” खिशातून त्याने कागदाची एक पट्टी आणि गोंदाची बाटली काढली, पुढच्या दोन्ही खाचा नीट झाकल्या, बोटाने कडा दाबून पाहिल्या, आणि मग बाजूला होऊन म्हणाला, “आता टाका.”